बीम, गोळा आणि आतून ठणकणारं कोपर

गोल्फची काठी आयुष्यात कधी हातात धरली नाही आणि डॉक्टर म्हणतात, ‘गोल्फर्स एल्बो’ झालाय. भरतीची तयारी करणाऱ्या, जिम मारणाऱ्या, धनुष्य ताणणाऱ्या आणि सोयाबीन सोंगणाऱ्या हातांना गाठणारं हे दुखणं नेमकं आहे काय? त्यातून बाहेर कसं पडायचं? आणि भरती तोंडावर आली असेल तर काय करायचं?

पहाटे पाच वाजता बुलडाण्याच्या, चिखलीच्या, मेहकरच्या किंवा सिंदखेडराजाच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जाऊन बघा. अंधारात पोरं-पोरी पळत असतात. कुणाला पोलिस व्हायचंय, कुणाला अग्निवीर, कुणाला वनरक्षक. पळणं झालं की बीम, बीम झाला की गोळा, मग सपाट्या आणि जोर. साडेसातला घरी, नऊला कॉलेज आणि सुटीच्या दिवशी शेतात. तुम्ही स्वतः यात नसाल तर तुमच्या बाकावर बसणारा एखादा तरी नक्की असेल.

या मैदानावरच्या दुखण्यांची यादी केली तर पहिल्या नंबरावर गुडघा आणि नडगी येते. त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. पण आणखी एक दुखणं आहे, ज्याच्याबद्दल पोरं बोलत नाहीत, कारण ते सुरुवातीला फार किरकोळ वाटतं. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे हात खाली सोडून तळवा समोर केला की जी बाजू शरीराकडे येते तिथं, एक हाडाचा उंचवटा आहे. त्याच्या आसपास ठणकायला लागतं. आधी फक्त बीमवर. मग बादली उचलताना. मग दरवाजाची मूठ फिरवताना, ओला टॉवेल पिळताना, हस्तांदोलन करताना. आणि एक दिवस साधा चहाचा कप उचलताना हात म्हणतो, ‘नको.’

याचं नाव गोल्फर्स एल्बो.

नाव गोल्फचं, दुखणं सगळ्यांचं

हे नाव ऐकून हसू येतं. बुलडाणा जिल्ह्यात गोल्फ खेळतो कोण? पण गंमत अशी, की जगभरातही हे दुखणं होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गोल्फ खेळलेला नसतो. गोल्फची काठी फिरवताना मनगट जोरात आत वळतं आणि बोटांची पकड घट्ट असते. त्या हालचालीत कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो, म्हणून हे नाव पडलं. तीच हालचाल आणि तीच घट्ट पकड ज्या-ज्या कामात आहे, तिथं हे दुखणं येऊ शकतं.

याचा भाऊ तुम्हाला जास्त ओळखीचा असेल, टेनिस एल्बो. तो कोपराच्या बाहेरच्या बाजूला होतो. सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराला 2004 मध्ये त्यानंच गाठलं होतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी नुकतंच जन्मलं असेल, कुणी त्याच्या पुढचं, पण घरी विचारा. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरात तेव्हा पोहोचला. मे 2005 मध्ये लंडनला सचिनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तो परत आला ऑक्टोबरमध्ये, आपल्याच विदर्भात, नागपूरच्या मैदानावर श्रीलंकेविरुद्ध, आणि 93 धावा काढल्या. टेनिस एल्बोच्या मानानं गोल्फर्स एल्बो कमी जणांना होतो, पण दोघांची जात एकच.

आत नेमकं काय बिघडतं?

तुमचा उजवा हात टेबलावर ठेवा, तळवा वर. आता मूठ आवळून मनगट स्वतःकडे वाकवा. हाताच्या आतल्या अंगाला फुगीर झालेले स्नायू दिसतील. मनगट वाकवणारे, तळवा पालथा करणारे आणि बोटांची पकड धरणारे यातले बरेचसे स्नायू वर जाऊन एकाच ठिकाणी चिकटतात. कोपराच्या आतल्या त्या उंचवट्यावर. स्नायू हाडाला थेट चिकटत नाही, मध्ये एक मजबूत दोरी असते. तिला कंडरा म्हणतात, डॉक्टर ‘टेंडन’ म्हणतील.

ही दोरी असंख्य बारीक धाग्यांची असते. रोजच्या ताणात काही धागे दुखावतात आणि शरीर रात्रीतून, विश्रांतीतून त्यांची डागडुजी करतं. ताण आणि डागडुजी यांचा हिशेब जुळत असेल तर दोरी हळूहळू अधिक मजबूत होते. ताण एकदम वाढला आणि डागडुजीला वेळच मिळाला नाही तर धागे विस्कटतात. नवे धागे तयार होतात, पण सरळ रांगेत नाही, गुंताड्यासारखे.

इथं एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. पूर्वी असं मानलं जायचं, की ही नुसती सूज आहे, सूज उतरवली की काम झालं. पण जुन्या झालेल्या दुखण्यात कंडरेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा सुजेच्या पेशी फारशा दिसल्या नाहीत, विस्कटलेले धागे दिसले. म्हणून नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळीनं हे बरं होत नाही. गोळीनं दुखणं झाकलं जातं. गुंता सोडवून धागे पुन्हा रांगेत लावायचे तर त्या दोरीला योग्य प्रमाणात काम द्यावं लागतं. हे पुढं लागणार आहे, तेव्हा विसरू नका.

आपल्याकडे कुणाला होतं?

*भरतीवाले.* लष्कराच्या भरतीत बीमला, म्हणजे पुलअप्सना, 40 गुण असतात. दहा काढले तर पूर्ण 40, सहाच निघाले तर 16. एकेका पुलअपला इतकी किंमत असल्यावर पोरं बीमवर तुटून पडणारच. त्यात आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि मग मैदान. म्हणजे होतं काय, की लेखीच्या तयारीत दोन-तीन महिने पुस्तकात डोकं घालून जातात, बीमला हात लागत नाही. निकाल लागतो, नाव यादीत येतं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज शंभर पुलअप्स. स्नायू दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतो. कंडरेत रक्तपुरवठा कमी असतो, ती सावकाश जुळवून घेते. त्या दोघांच्या वेगातल्या फरकात कोपर सापडतं.

थोडा हिशेब करू. तुमचं वजन 60 किलो आहे आणि तुम्ही दिवसाला 50 पुलअप्स काढता. 60 गुणिले 50, म्हणजे 3000 किलो. दोन हातांत वाटून घेतले तरी एका हाताला दीड टन. रोज. यात तळवे स्वतःच्या तोंडाकडे करून काढलेल्या पुलअप्स जास्त असतील, तर आतल्या बाजूवरचा ताण आणखी वाढतो.

पोलिस भरतीत बीम नाही, पण गोळा आहे. पुरुषांसाठी 7.260 किलोचा, महिलांसाठी 4 किलोचा. गोळा सुटतानाचा शेवटचा झटका बोटं आणि मनगट देतात, आणि त्या झटक्याची दोरी पुन्हा त्याच उंचवट्याला बांधलेली आहे. तंत्र न शिकता नुसत्या हाताच्या जोरावर गोळा फेकणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. पायातून आणि कमरेतून येणारी ताकद ते वापरतच नाहीत, सगळा भार मनगटावर.

*धनुर्धर.* बुलडाण्याचं नाव आज तिरंदाजीत जगभर घेतलं जातं ते प्रथमेश जावकरमुळं. मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत, वयाच्या 19 व्या वर्षी, त्यानं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत 149-148 असं हरवलं. 15 बाण, प्रत्येकी 10 गुण, आणि त्यातला एकच गुण गेला! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळेसोबत त्यानं भारतासाठी सांघिक सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून जिल्ह्यात धनुष्य हातात घेणारी मुलं वाढली तर नवल नाही. पण या खेळाचंही ओझं बघा. प्रथमेश खेळतो त्या कम्पाउंड प्रकारात धनुष्याची ताकद जास्तीत जास्त 60 पौंड चालते, म्हणजे साधारण 27 किलो. नुसत्या पात्रता फेरीतच 72 बाण. 72 वेळा 27 किलो ओढायचं, जवळपास दोन टन. हे मोठ्या खेळाडूला जमतं, कारण त्यामागं वर्षानुवर्षं थोडंथोडं वाढवत नेलेलं वजन असतं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिल्याच वर्षी मोठ्या खेळाडूचं धनुष्य ओढायला घेतलं तर खांदा आणि कोपर दोन्ही हिशेब मागतात.

*जिमवाले.* बायसेप्सचा नाद. आरशात दिसतात ते स्नायू आधी. बारबेल घट्ट आवळून, मनगट आत वाकवून, झटके देत मारलेले कर्ल्स थेट त्या दोरीवर येतात.

*आणि शेतातले हात.* हे कुठल्या फिटनेसच्या व्हिडिओत सांगत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आली, की विळ्याची मूठ दिवसभर आवळलेली. मग कापूस वेचणी. गाई-म्हशीची धार काढणं, पाठीवरच्या पंपाचा दांडा मारत फवारणी, फावडं, कुऱ्हाड. घरात कणीक मळणं, कपडे पिळणं. तुम्ही सकाळी बीम मारता आणि दुपारी सोंगता तेव्हा कोपराला दोन पाळ्या होतात. मैदानावर सरांना तुमची सकाळची पाळी दिसते, दुपारची नाही. दुखायला लागलं की आपण विचार करतो, ‘मी तर बीम कमीच मारले होते.’ बीम कमी होते, पण विळा होता ना!

आपल्याला तेच झालंय का?

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. हात टेबलावर, तळवा वर, मनगट कडेच्या बाहेर. दुसऱ्या हातानं तळव्यावर खाली दाब द्या आणि दुखऱ्या हाताच्या मनगटानं तो दाब वर ढकलायचा प्रयत्न करा. कोपराच्या आतल्या उंचवट्यावर किंवा त्याच्या बोटभर खाली नेमकं दुखलं आणि तिथं दाबल्यावरही दुखलं, तर शंका घ्यायला जागा आहे. पण ही फक्त शंका. पक्कं निदान डॉक्टरच करणार, आणि ते बहुतेक वेळा हात तपासूनच होतं. पहिल्याच भेटीत एमआरआय लागतोच असं नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका, थेट अस्थिरोग तज्ज्ञांकडे जा:

- फेकताना किंवा ओढताना ‘टक्’ असा आवाज आला आणि नंतर निळं-काळं पडलं, सूज आली.
- करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात झिणझिण्या येतात, ती बधिर होतात. कोपर कुठं आपटलं की जी नस झणझणते, तीच नस त्या उंचवट्याच्या मागून जाते. ती दाबली जात असेल तर उपाय वेगळा असतो.
- कोपर मध्येच अडकतं, पूर्ण सरळ होत नाही.
- पकड एकदम कमी झाली, हातातून वस्तू सुटतात.
- कोपर लाल, गरम झालंय, सोबत ताप आहे.
- वय 16-17 च्या आत आहे. या वयात तिथली हाड वाढण्याची जागा अजून पूर्ण जुळलेली नसते. वेगवान गोलंदाजी किंवा भालाफेक करणाऱ्या लहान भावाचं कोपर आतून दुखत असेल, तर त्याला ‘गोल्फर्स एल्बो असेल’ म्हणून घरी बसवून ठेवू नका, एक्स-रे काढा.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर बुलडाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, खामगावला सरकारी रुग्णालय आहे, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केस पेपर काढा आणि अस्थिरोग विभागात दाखवा. एक सकाळ जाईल, पण काय झालंय हे कळेल.

पहिले दोन आठवडे: बंद नाही, कमी

दुखलं की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘दुखणं मारून काढ, चालू ठेव.’ दुसरा म्हणतो, ‘दोन महिने हाताला कामच देऊ नको.’ दोन्ही चूक. पहिल्यानं गुंता वाढतो. दुसऱ्यानं दुखणं थांबतं, पण दोरी अजून कमजोर होते आणि परत बीमवर गेल्यावर आठवड्यात पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

मधला रस्ता असा. ज्या कामानं दुखणं भडकतं ते काही दिवस थांबवा. बीम, गोळा, कर्ल्स बंद. पळणं, पायाचा व्यायाम, पोटाचा व्यायाम सगळं चालू. शेतातलं काम टाळता येत नसेल तर हात बदला, विळ्याच्या मुठीला कापड किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करा. जाड मूठ कमी आवळावी लागते. बादली उचलताना तळवा वर ठेवून ओढण्याऐवजी अंगाजवळ धरून उचला.

ठणका जास्त असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बर्फ थेट कातडीवर नको. कोपराच्या खाली दोन-तीन बोटांवर बांधायचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. काम करताना तो काहींना आराम देतो. बोटं बधिर होतील इतका आवळायचा नाही आणि रात्री काढून ठेवायचा.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तर, तितकेच दिवस. गोळी घेऊन उन्हात पळायचं, पाणी कमी प्यायचं, रिकाम्या पोटी घ्यायची, हे रोज चाललं तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर बेतू शकतं. गोळी घेऊन बीम मारणं तर त्याहून वाईट. दुखणं म्हणजे शरीराचा भोंगा. भोंग्याची वायर कापली म्हणून आग विझत नाही.

औषध आहे व्यायाम

खरा उपचार इथं सुरू होतो. विस्कटलेले धागे रांगेत यायला दोरीवर हळूहळू, मोजून-मापून वजन टाकायचं. एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, मग घरी करता येतं. सामान म्हणाल तर एक पाण्याची बाटली, एक हातोडी आणि एक टॉवेल.

*पायरी 1: न हलता जोर.* हात टेबलावर, तळवा वर. दुसऱ्या हातानं तळवा दाबा, दुखऱ्या हातानं तो दाब अडवा, पण मनगट हलू देऊ नका. 30 ते 45 सेकंद धरा, मिनिट-दोन मिनिटं थांबा. असं पाच वेळा. सुरुवातीच्या ठणक्यात हा व्यायाम बऱ्याच जणांना आरामही देतो.

*पायरी 2: सावकाश खाली.* त्याच स्थितीत हातात अर्धा लिटरची भरलेली बाटली धरा, म्हणजे अर्धा किलो झाला. दुसऱ्या हाताच्या मदतीनं मनगट वर आणा, मदत काढा आणि चार-पाच सेकंद घेत मनगट सावकाश खाली सोडा. 15 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सगळी जादू त्या खाली येण्यात आहे, घाई केली तर उपयोग नाही. सोपं वाटायला लागलं की एक लिटरची बाटली, मग डंबेल.

*पायरी 3: हातोडी.* हातोडीचा दांडा टोकाला धरा, कोपर मांडीवर टेकवा आणि तळवा वर-पालथा, वर-पालथा असा हात सावकाश फिरवा. 10-12 वेळा, तीन फेऱ्या. जड वाटलं तर दांडा लोखंडाच्या जवळ धरा, वजन कमी होतं.

*पायरी 4: खांदा आणि पाठ.* कोपर दुखतंय आणि खांद्याचा व्यायाम का? कारण खांदा आणि पाठ कमजोर असली की पुलअप मारताना शेवटचा जोर मनगट आणि बोटं लावतात. रबरी बँड खिडकीच्या गजाला बांधून तो पोटाकडे ओढा, ओढताना पाठीची पाती एकमेकींजवळ आणा.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवा. त्याच्या वर गेलं तर वजन किंवा फेऱ्या कमी करा. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सकाळी कोपर कालच्याइतकंच असेल तर प्रमाण बरोबर होतं, जास्त ठणकत असेल तर काल जास्त झालं. वहीत रोज एक आकडा लिहा. आठवडाभरात तुम्हालाच चित्र दिसेल.

आता मनाची तयारी. हे दुखणं आठ दिवसांत जात नाही. लवकर लक्ष दिलं तर काहींना सहा-आठ आठवड्यांत बरं वाटतं, बऱ्याच जणांना तीन ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. पण बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. नीट व्यायाम करूनही सहा ते बारा महिने फरकच पडला नाही, तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

इंजेक्शन घेऊन टाकू का?

हा प्रश्न प्रत्येक भरतीवाल्याच्या मनात येतोच. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की ठणका लवकर उतरतो, हे खरं आहे. 1997 मध्ये याच दुखण्यावर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांना जास्त आराम होता. पण तीन महिन्यांनी आणि वर्षानंतर पाहिलं, तर इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक उरला नव्हता. शिवाय कंडरेच्या आसपास दिलेलं स्टेरॉइड तिला काही काळ कमजोर करू शकतं. आणि नेमकं त्याच काळात दुखत नाही म्हणून तुम्ही बीमवर लटकणार! निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा. पण ‘मित्रानं घेतलं, तो पास झाला’ एवढ्या कारणावर इंजेक्शन घेऊ नका. आणि भरतीच्या आठवड्यात तर नकोच.

गावात चोळून देणारे, हाड बसवून देणारे असतात. इथं हाड सरकलेलंच नसतं, मग बसवणार काय? जोरात रगडलं तर शेजारची ती नस दुखावते. हलक्या हातानं तेल लावून घ्या, आजीला बरं वाटेल, तुम्हालाही. त्यापलीकडं नको. आणि तंबाखू, सिगारेट चालू असेल तर सोडा. धूम्रपान करणाऱ्यांना हे दुखणं होण्याचा धोका जास्त असतो, आणि रक्तपुरवठा आखडला की जखम भरायलाही वेळ लागतो.

भरती सहा आठवड्यांवर आलीय

खरा पेच इथं आहे. वय निघून चाललंय, घरच्यांनी अकादमीची फी भरलीय, हॉल तिकीट आलंय आणि कोपर ठणकतंय. ‘सहा महिने आराम कर’ हा सल्ला अशा वेळी कुणी ऐकणार नाही. म्हणून थोडं व्यवहाराचं बोलू.

एक, दोन-तीन आठवडे बीम कमी केल्यानं कमावलेली ताकद पळून जात नाही. त्या काळात बँडनं पाठीचा व्यायाम चालू ठेवला तर ती बरीचशी टिकते. दुखऱ्या कोपरावर रोज शंभर मारून भरतीच्या दिवशी चार निघण्यापेक्षा, तीन आठवडे सावरून त्या दिवशी सात-आठ काढणं फायद्याचं.

दोन, परत बीमवर जाताना पायऱ्या पाळा. आधी नुसतं लटकणं, दहा-वीस सेकंद. मग पाय स्टुलावर टेकवून अर्ध्या वजनानं. मग एकदोन पूर्ण पुलअप्स, तळवे पुढं करून, झटका न देता. एक दिवसाआड. दर आठवड्याला थोडे वाढवा, दुप्पट नाही.

तीन, गुणांचा हिशेब करा. पोलिस भरतीच्या मैदानावर 50 पैकी 35 गुण पळण्याचे आहेत आणि गोळ्याचे 15. कोपर साथ देत नसेल तेव्हा पायांवर मेहनत वाढवा. गोळ्याचं तंत्र रिकाम्या हातानं किंवा हलक्या चेंडूनं घटवा. पाय, कंबर, खांदा आणि शेवटी मनगट, हा क्रम एकदा बसला की तेवढ्याच ताकदीत गोळा लांब जातो.

चार, सरांना सांगा. ‘सांगितलं तर कमजोर समजतील’ ही भीती बहुतेकांना असते. पण तुमच्या कोपराचं न सांगता सरांना कसं कळणार? घरी पण सांगा. सोंगणीच्या दिवसांत आठ दिवस विळ्याऐवजी दुसरं काम मागितलं तर कुणी घरातून काढत नाही.

आणि पाच, करंगळी बधिर होत असेल, पकड जात असेल, तर ही भरती सोडायची वेळ आली का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. असा निर्णय घेणं सोपं नाही. पण एका भरतीसाठी हात कायमचा अधू करून घेतला तर पुढच्या सगळ्या भरत्या जातात. नीरज चोप्राचंच बघा. त्याची दुखापत वेगळी होती, पण कोपर तेच, फेकणाऱ्या उजव्या हाताचं. मे 2019 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि त्या मोसमातलं खेळणं सोडावं लागलं. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो परतला, 87.86 मीटर भाला फेकून टोकियोचं तिकीट मिळवलं. पुढचं सुवर्णपदक सगळ्यांना माहीत आहे. ते थांबलेले महिने कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

पुन्हा होऊ नये म्हणून

- लेखीच्या तयारीतही आठवड्यातून दोनदा तरी थोडे बीम चालू ठेवा. शून्यावरून शंभरावर उडी मारू नका.
- बीम आणि गोळा एकाच दिवशी भरपूर नको, आलटून-पालटून करा.
- शेतात जड काम असेल त्या दिवशी सकाळचा हाताचा व्यायाम अर्धा करा.
- बीमचा पाइप, डंबेलची दांडी गरजेपेक्षा जास्त आवळू नका.
- दुखणं गेलं तरी बाटली आणि हातोडीचा व्यायाम दोन-तीन महिने चालू ठेवा. बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्यांनाच ते परत गाठतं.
- झोप पुरी घ्या. डागडुजी तेव्हाच होते.

उद्या पहाटे मैदानावर गेलात, की बीमला हात लावण्याआधी एकदा कोपराच्या आतल्या बाजूवर अंगठा दाबून बघा. काही दुखलं नाही तर बिनधास्त मारा. दुखलं, तर उद्याच्या दिवसाचे बीम राहू द्या, ग्राउंडला दोन चकरा जास्त मारा आणि घरी जाऊन पाण्याची बाटली भरून ठेवा.